जुन्नर–नाणेघाट धावसहल : वाट उत्तम, चावंडची वेळ चुकीची

जुन्नर शहरातून निघून आपटाळे, चावंडवाडी आणि घाटघर या गावांवरून नाणेघाटाच्या तोंडाशी जाणारा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता गाडीने तासाभरात संपतो आणि बहुतेक पर्यटक तो तसाच संपवतात. याच रस्त्यावर दोन दिवसांची, मुक्कामासह धावण्याची सहल त्या भागातले काही तरुण हिवाळ्यात भरवतात. त्यांच्या व्यवस्थेला अजून धड नाव नाही, फलक नाही, आणि प्रसिद्धी होते ती एकाने दुसऱ्याला सांगून. त्यामुळे त्यांची ओळख येथे देण्याऐवजी त्यांनी आखलेली वाट, तिचे टप्पे, सोयी आणि उणिवा यांविषयीच लिहितो. अशा प्रकारच्या सहली आता इतर घाटवाटांवरही निघू लागल्या आहेत आणि पैसे भरण्यापूर्वी नेमके काय विचारावे हे कळण्यासाठीही या तपशिलाचा उपयोग व्हावा.

प्रथम वाटेविषयी, कारण या सहलीचे खरे भांडवल तेच आहे. जुन्नरच्या आसपास किल्ले आणि लेणी इतकी दाटीने का आहेत, याचे उत्तर हा रस्ताच देतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. सातवाहनांच्या काळात हा व्यापारी मार्ग इतका चालता होता, की जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत यवन म्हणजे ग्रीक दात्यांचीही नावे सापडतात, आणि मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. पुढच्या शतकांत याच मार्गावर नजर ठेवणारे जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले महत्त्वाचे ठरले. म्हणजे ही ठिकाणे पर्यटन नकाशावर विखुरलेले वेगवेगळे ठिपके नसून एकाच वाटेचे भाग आहेत. गाडीतून जाणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागते. पायांवर जाणाऱ्याला ती आपोआप उमगते, कारण एक डोंगर मागे पडून दुसरा समोर येईपर्यंत किती वेळ जातो हे त्याचे शरीर मोजत असते. शिवनेरी दृष्टीआड होण्याच्या सुमारास चावंडचा माथा दिसू लागतो, तेव्हा या किल्ल्यांमधली अंतरे अशीच का, हा प्रश्न निदान मनात येतो तरी.

आखणी अशी आहे. पहिल्या दिवशी सूर्योदयानंतर शिवनेरीच्या पायथ्यापासून धावायला सुरुवात करून चावंडवाडीपर्यंत सुमारे वीस किलोमीटर धावायचे, त्यानंतर चावंड किल्ला चढून यायचे, दुपारचे जेवण घेऊन गाडीने घाटघरला मुक्कामी जायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे घाटघरहून नाणेघाटापर्यंतचे थोडे अंतर धावायचे, घाटाच्या नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, उतरून लेणे पाहायचे आणि परतताना पूर गावच्या कुकडेश्वर मंदिराशी सहल संपवायची. दोन्ही दिवसांचे धावणे मिळून तीस किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. अर्धमॅरेथॉनचा सराव असलेल्याला हे अंतर जड नाही, पण सपाट रस्त्यावर धावणाऱ्याने आपली नेहमीची गती येथे धरू नये. चढ कोठेही ताम्हिणी किंवा वरंधा घाटासारखा अंगावर येत नाही. तो थोडा चढतो, थोडा उतरतो, पुन्हा चढतो, आणि हा लहान-लहान हिशेब शेवटच्या पाच किलोमीटरांत मांड्यांतून वसूल होतो.

सूर्योदयानंतरच निघण्याचा आयोजकांचा नियम काहींना खटकतो, कारण धावणाऱ्या मंडळींना अंधारात निघून ऊन चढण्याआधी संपवण्याची सवय असते. मला मात्र हा नियम या व्यवस्थेच्या शहाणपणाचा पुरावा वाटला. जुन्नर तालुका बिबट्यांचा तालुका आहे. धरणांच्या पाण्यावर वाढलेल्या उसात बिबटे राहतात, वितात, आणि माणसाशी त्यांचा संघर्ष येथे अनेक वर्षे चालू आहे. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. अंधूक उजेडात, कानात गाणी लावून, उसाच्या कडेने एकट्याने धावणे हे या भागात धाडस नसून निष्काळजीपणा आहे. आयोजक कानातली यंत्रे काढायला लावतात, किमान दोघांनी एकत्र राहावे असे सांगतात आणि शेवटच्या धावकाच्या मागे गाडी ठेवतात. पश्चिमेकडे ऊस कमी होऊन भातखाचरे सुरू झाली की हा ताण उतरतो. त्यानंतर त्रास होतो तो वाडीवस्तीवरच्या कुत्र्यांचा. ते धावणाऱ्यावर हमखास भुंकत येतात, पण थांबून चालायला लागले की त्यांचा रस संपतो.

सकाळी पश्चिमेकडे धावत असल्याने ऊन पाठीवर राहते, ही आखणीतली आणखी एक चांगली गोष्ट. जुन्नर मागे पडल्यावर पहिले काही किलोमीटर दुचाकी, दुधाच्या गाड्या आणि घाटघरकडची एसटी यांची वर्दळ असते. आपटाळ्याच्या पुढे रस्ता शांत होतो, माणिकडोह धरणाचा जलाशय अधूनमधून दिसत राहतो आणि पलीकडे हडसरचा डोंगर बराच वेळ साथ देतो. डांबर काही ठिकाणी नवे आणि गुळगुळीत, काही ठिकाणी पावसाने खाल्लेले आहे. कडेची बाजूपट्टी बहुतेक ठिकाणी दगडगोट्यांची असल्याने वाहन आले की तिथे उतरताना घोटा जपावा लागतो. माझ्या मते या वाटेला रस्त्यावरचे साधे धावण्याचे शूज पुरतात, पण नाणेघाटाच्या नाळेसाठी आणि चावंडच्या पायऱ्यांसाठी तळव्याला चांगली पकड असलेली दुसरी जोडी गाडीत ठेवावी. आयोजक ही गोष्ट आगाऊ कळवत नाहीत, कळवायला हवी.

पाण्याची व्यवस्था मनापासून आवडली. ठरावीक अंतरावर गाडी थांबवून त्यांनी कळशी, स्टीलचे पेले, मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी, गूळ-शेंगदाणे आणि केळी मांडली होती. प्लास्टिकची एकही बाटली वाटेत दिली गेली नाही, आणि केळ्यांच्या साली गोळा करायला गोणपाटाची पिशवी होती. शहरातल्या मोठ्या स्पर्धांच्या मागे रस्त्यावर उरणारा कपांचा खच ज्यांनी पाहिला आहे त्यांना या साधेपणाची किंमत कळेल. स्वच्छतागृहांबाबत मात्र व्यवस्था नाही म्हटले तरी चालेल. जुन्नर सोडल्यापासून चावंडवाडीपर्यंत स्त्रियांनी काय करायचे, या प्रश्नाला ‘वाटेत ओळखीचे घर आहे, तिथे सांगून ठेवले आहे’ असे उत्तर मिळाले. ते घर होते आणि घरातल्या ताईंनी आनंदाने दार उघडले हेही खरे, पण ते बाराव्या-तेराव्या किलोमीटरनंतर आले. पैसे घेऊन चालवलेल्या सेवेत ही गोष्ट शेजारधर्मावर सोपवता येत नाही.

आता चावंडविषयी, कारण माझी मुख्य तक्रार येथे आहे. धावणे आणि पाहणे या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच शरीराकडून करून घ्यायच्या असतील, तर कोणते ठिकाण धावण्याच्या आधी, कोणते मध्ये आणि कोणते शेवटी ठेवायचे, हाच अशा सहलीच्या आखणीचा कळीचा मुद्दा असतो. वीस किलोमीटर धावल्यावर स्नायू आखडू लागलेले असतात, शरीरातले पाणी आणि मीठ कमी झालेले असते, लक्ष पातळ झालेले असते. अशा अवस्थेत ऐन अकराच्या उन्हात चावंडचा कडा चढायला लावणे अयोग्य आहे. 1818 मध्ये इंग्रजांनी या परिसरातले किल्ले घेतल्यावर त्यांच्या वाटा उद्ध्वस्त केल्या, त्यात चावंडच्या पायऱ्यांचाही नाश झाला. आज कातळातल्या त्या टप्प्यावर आधाराला रेलिंग आहे, एके ठिकाणी तोफेची नळी रोवलेली आहे, आणि ताज्या पायांनी चढणाऱ्याला तिथे फारसे भय नाही. पण गुडघ्याएवढ्या उंच पायऱ्यांवर पोटरीत गोळा आला तर माणूस पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही फिरू शकत नाही. आमच्यातल्या एका गृहस्थांची नेमकी हीच अवस्था झाली; मार्गदर्शक मुलाने त्यांना शांतपणे बसवून, पाय ताणून, खाली आणले, त्यात त्याचे कौशल्य दिसले. मात्र ते कौशल्य वापरण्याची पाळी आखणीमुळे आली, हे विसरता येत नाही.

दुसरे नुकसान पाहण्याचे झाले. चावंड हा घाईत उरकण्याचा किल्ला नाही. निजामशाहीच्या वारसाच्या भांडणात बहादूर या बालकाला याच गडावर ठेवले होते, आणि पुढे त्याच्याच नावाने चांदबिबीने अहमदनगर मोगलांविरुद्ध लढवले. शिवकाळात गडाला प्रसन्नगड हे नाव मिळाले. माथ्यावर एका रांगेत खोदलेली सात टाकी आहेत, त्यांना सप्तमातृकांशी जोडले जाते. पुष्करणी आहे, चामुंडेचे देऊळ आहे, आणि तिथून जलाशयापलीकडच्या डोंगररांगेचा पट उलगडतो. यातले निम्मे आम्ही पाहिले आणि उरलेले निम्मे पाहण्याची कोणालाच इच्छा नव्हती. सगळ्यांचे लक्ष जेवणाकडे होते. आयोजकांनी चावंडला सहलीतून वगळावे किंवा आदल्या संध्याकाळी चढून घ्यावे. शिवनेरीच्या बाबतीत त्यांनी हा विवेक दाखवलेला आहे: सात दरवाजे आणि शिवजन्मस्थान असलेला तो गड धावण्याच्या दिवसात न कोंबता ज्याने त्याने स्वतंत्रपणे पाहावा असे ते स्पष्ट सांगतात. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत शिवनेरी आहे. सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी पाहता हा सल्ला आणखीच योग्य ठरतो. जे शिवनेरीसाठी सुचले ते चावंडसाठी का सुचू नये?

घाटघरचा मुक्काम साधा आणि नीटनेटका होता. शेणाने सारवलेली ओसरी, गाद्या, स्वच्छ चादरी, अंघोळीला चुलीवर तापवलेले पाणी. मोबाइलला रेंज जवळजवळ नाही, ही गोष्ट काहींना सुख वाटते; मी तिच्याकडे सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहतो. प्रथमोपचाराची पेटी होती, गाडी रात्रभर दारात होती, परंतु कोणाची प्रकृती बिघडली तर जुन्नरच गाठावे लागते, हे हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी ध्यानात घ्यावे. सहभागी होण्यापूर्वी आरोग्याची एक साधी प्रश्नावली भरून घेतली जाते, ती अधिक काटेकोर हवी.

जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही. दुपारी मासवडी आणि बाजरीची भाकरी मिळाली. मासवडी या भागाचा अभिमान आहे आणि पुण्यातल्या हॉटेलांत मिळते त्यापेक्षा येथील सारण जास्त खमंग, कमी तेलकट आणि तिळाला न लाजणारे होते. रस्सा मात्र धावून आलेल्या पोटाला झेपेल इतकाच तिखट ठेवा असे आधी सांगावे, कारण स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या मते जे मध्यम आहे ते आपल्या मते नसते. रात्री नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा आणि वाफाळता भात होता. गावात बहुसंख्य वस्ती महादेव कोळी समाजाची आहे; भातशेती आणि जंगलातला हिरडा ही येथील उत्पन्नाची साधने. मावशींनी वाळवणाला टाकलेला बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, दाखवला आणि त्याचा भाव दरवर्षी कसा वरखाली होतो हे विस्ताराने सांगितले. सहलीच्या पत्रकात या संभाषणाचा उल्लेख नव्हता, आणि नसावाही. ठरवून घडवले असते तर ते कृत्रिम झाले असते.

दुसरा दिवस या सहलीचा खरा दिवस आहे. घाटघरहून निघताना जीवधनचा डोंगर आणि त्याला चिकटून उभा असलेला वानरलिंगी सुळका सतत नजरेत राहतो. निजामशाहीचा शेवटचा बालराजा जीवधनवरून आणून शहाजीराजांनी गादीवर बसवला होता, ही हकीकत मार्गदर्शकाने धावता धावताच सांगितली आणि त्याला दम एकदाही लागला नाही, याची नोंद करतो. अंतर थोडे, पाय आदल्या दिवशीच्या श्रमाने जड, हवा गार. दहा मिनिटांत शरीर मोकळे होते आणि मग एकाएकी जमीन संपून समोर कोकण येते. नाणेघाटालगतच्या ‘नानाचा अंगठा’ नावाच्या कड्यावर कोणी धावत जाऊ नये म्हणून आयोजकांनी बरेच अलीकडे धावणे थांबवले, तेही योग्यच.

नाळेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन त्यात टाकली जाई, असे परंपरेने मानतात. मार्गदर्शकाने ही समजूत पुराव्याने सिद्ध झाल्याच्या थाटात सांगितली, वर तो रांजण दिवसातून किती वेळा नाण्यांनी भरे याचा आकडाही दिला. अशा आकड्यांशिवायही हे ठिकाण पुरेसे मोठे आहे. तिथून दगडी पायऱ्यांनी थोडे खाली उतरले की कोकणाकडे तोंड केलेले लेणे लागते, आणि येथे मात्र त्याच मुलाने उत्तम काम केले. भिंतीवरील ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे म्हणजे त्या काळची नाणी यांच्या दक्षिणेची नोंद आहे, आणि त्या संख्या अंकांत कोरलेल्या असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात हा लेख फार महत्त्वाचा मानला जातो. मार्गदर्शकाने लेखाचा छापील ठसा सोबत आणला होता. त्यावरचे अंक आधी दाखवून मग ते भिंतीवर शोधायला लावले. मागच्या भिंतीशी सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन अशी नावे आहेत. ही नावे ज्यांची, त्यांच्या मूर्ती नष्ट झाल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दोन दिवस पायांचाच विचार करणाऱ्या माणसांना त्या खुणांपुढे काही समजावून सांगावे लागले नाही. येथे जवळजवळ तासभर थांबलो, कोणालाही घाई नव्हती, आणि चावंडला जे बिघडले होते ते येथे नेमके साधले: थोडे धावणे आधी, मोठे पाहणे नंतर, आणि त्यानंतर सावकाश परत.

परतीचे धावणे पूर्वेकडे असल्याने ऊन डोळ्यांवर येते; टोपी आणि गॉगल न विसरणे बरे. शेवट कुकडेश्वराशी होतो. कुकडी नदीच्या उगमापाशी असलेले हे शिवमंदिर शिलाहार राजा झंझाने नद्यांच्या उगमांवर बांधलेल्या बारा शिवालयांपैकी एक असल्याचे सांगितले जाते. बाहेरच्या भिंती, दाराची चौकट आणि खांब यांवरील कोरीवकाम पाहत सावलीत फिरावे, थंड फरशीवर अनवाणी उभे राहावे, आणि शरीर हळूहळू निवू द्यावे, यासाठी याहून चांगली जागा या वाटेवर नाही. चावंडच्या तुलनेत ही निवड इतकी अचूक आहे, की दोन्ही निर्णय एकाच माणसांनी घेतले यावर विश्वास बसत नाही.

शुल्काविषयी एवढेच, की शनिवार-रविवारी पुण्याजवळच्या एखाद्या मध्यम रिसॉर्टमध्ये एका रात्रीला जो खर्च येतो त्यापेक्षा ते थोडे कमी आहे, आणि त्यात मुक्काम, चार वेळचे खाणे, पाठीमागची गाडी आणि मार्गदर्शन येते. जुन्नरपर्यंत येणे-जाणे आपले आपण करायचे. पुण्याहून सुमारे 95 किलोमीटर अंतर आहे आणि एसटीची सोय चांगली आहे. पदक, प्रमाणपत्र, शर्ट यांपैकी काहीही मिळत नाही. वेळेची नोंदही कोणी ठेवत नाही, त्यामुळे स्वतःचा उच्चांक मोडू पाहणाऱ्यांनी येथे येऊ नये.

पावसाळ्यात आयोजक ही सहल भरवत नाहीत. त्या काळात नाणेघाटात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला इतकी वाहने लोटतात, की त्या अरुंद रस्त्यावर चालणेही कठीण होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. भात कापणीला आलेला असताना गेल्यास रंग वेगळाच असतो. एकच दिवस हाती असेल, किंवा वीस किलोमीटरची तयारी नसेल, तर आयोजकांना विचारून फक्त दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यासाठी जाता येते. त्यासाठी आदल्या संध्याकाळी जुन्नरहून घाटघरची एसटी धरावी लागते. तिची वेळ जुन्नर आगारात आधी विचारून घ्यावी.